पाचवं शील

मला कुणी सेवाभावी म्हटलं की माझं डोकं फिरतं. ज्या मुलांचा आजार बरा होणार नाही त्यांच्या घरी जायचं, त्यांचं दुखणं आटोक्यात ठेवायचं, जखमा धुवायच्या, आईबापांशी बोलायचं, हे काम मी वीसेक वर्षं करते आहे. सिंदीपासून वडनेरपर्यंत आमची गाडी गेली नाही अशी वस्ती थोडीच असेल. महिला दिनाला कुणी ना कुणी शाल घालतं आणि हटकून विचारतं, सिस्टर, हे तुम्हाला जमतं कसं? मी सांगते, पगार मिळतो. हे उत्तर लोकांना आवडत नाही. खरं उत्तर त्यांना त्याहून आवडणार नाही, म्हणून इतकी वर्षं गिळत आले. आता केस पिकले, गुडघे कुरकुरतात, आणि गिळायचाही कंटाळा आला आहे.

आमचं घर हिंगणघाटच्या बाहेरच्या वस्तीत, एका जिनिंगच्या भिंतीला लागून होतं. कापसाचा हंगाम लागला की सरकी काढणाऱ्या रेच्यांची घरघर सुरू व्हायची ती उन्हाळ्यापर्यंत. पाहुणे आले की त्यांना ओरडून बोलावं लागायचं, आम्हाला मात्र यंत्र बंद पडलं तरच काहीतरी चुकल्यासारखं वाटायचं. बाबा तिथेच फिटर होते. घरी आले की त्यांच्या भुवयांवर, कानांच्या पाळ्यांवर रुईचे तंतू असायचे. आई दारातच त्यांना फडक्याने झटकायची आणि मग आत घ्यायची. तिच्या हातची आंबाडीची भाजी आणि ज्वारीची भाकर रोजची, आणि थंडीत कोथिंबीर स्वस्त झाली की सांबारवडी. आमच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात. वड्या तळायच्या दिवशी माझा भाऊ सुमेध शाळेतून पळत यायचा आणि चप्पल न काढता चुलीपाशी जायचा. तो माझ्याहून तीन वर्षांनी लहान. आगाऊ होता, नकला करायचा, माझ्या वेणीला पतंगाचा दोरा बांधायचा. मला तो आवडायचा, आणि घरातलं सगळं लाडकेपण तो एकटाच खातो असंही वाटायचं.

बाबांची वस्तीतली ओळख मात्र फिटर म्हणून नव्हती. आमचा जिल्हा दारूबंदीचा, म्हणजे दारू दुकानात मिळत नाही, दुकानामागे मिळते. माझे आजोबा मोहाच्या दारूत गेले. एका सकाळी ते नालीत पडलेले सापडले आणि त्यांना तिथून उचलायला दहा वर्षांचे बाबा गेले होते. पुढे बाबांनी वस्तीतल्या बायांना गोळा करून नाल्यावरच्या भट्ट्या फोडल्या, एकदा डोक्यात काठी खाल्ली, सात टाके पडले. विहारात त्यांचा शब्द मोडत नसत. किती घरं त्यांच्यामुळे सावरली हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. त्यांना मिळणारा मान खरा होता. तो खोटा असता तर मला हे लिहिणं सोपं गेलं असतं.

आमच्या घरात एक रीत होती, ती दुसऱ्या कुणाकडे मी पाहिली नाही. संध्याकाळी मेणबत्ती लावून वंदना झाली, पंचशील म्हणून झालं, की बाबा एकेकाला विचारायचे, आज कोणतं शील ढळलं? आपण आपलं सांगायचं. सुमेध बहुतेक रोज चौथं सांगायचा, म्हणजे खोटं बोलल्याचं, आणि काय खोटं बोलला ते असं रंगवून सांगायचा की बाबाही हसायचे. मी मुंग्या मारल्याचं, खडू उचलल्याचं सांगायचे. आई पदर सारखा करत म्हणायची, माह्यं काई नाई. बाबा कधी रागवायचे नाहीत. खरं सांगितलं की डोक्यावरून हात फिरवायचे. त्या हातासाठी मी काहीही सांगायला तयार असायचे. पाचवं शील, नशेपासून दूर राहण्याचं, ते मात्र आमच्या घरात कधी कुणाचं ढळायचा प्रश्नच नव्हता.

सुमेध अकरा वर्षांचा झाला त्या वर्षी त्याच्या गुडघ्याच्या वर गाठ आली. कबड्डीत मार लागला असेल म्हणून आईने हळद-चुना लावला. मग मालिशवाल्याकडे नेलं, त्याने रगडून रगडून पाय टरबुजासारखा केला. शेवटी मोठ्या दवाखान्यात नेलं तेव्हा कळलं की हाडाचा कॅन्सर आहे आणि फुप्फुसापर्यंत पोचला आहे. सलाइनं चढली, केस गेले, पाय सुजतच राहिला. चार महिन्यांनी त्यांनी सांगितलं की आता औषधांचा उपयोग नाही, घरी न्या. सुमेधला कुणी काही सांगितलं नाही. त्याला सांगायचं असतं हेच आम्हाला माहीत नव्हतं. आज मी प्रत्येक घरात पहिल्यांदा हेच विचारते, मुलाला किती माहीत आहे? आईबाप म्हणतात, काहीच नाही. आणि मूल उशीत तोंड लपवून ऐकत असतं.

घरी सोडताना तिथल्या एका तरुण डॉक्टरीणबाईंनी बाबांना बाजूला घेतलं. त्या केरळकडच्या होत्या, मोडकंतोडकं हिंदी बोलायच्या. रोग आपल्या हातात नाही, पण दुखणं आपल्या हातात आहे, असं त्यांनी सांगितलं आणि गोळ्यांचं पाकीट पुढे ठेवलं. दर चार तासांनी एक, दुखलं तरी आणि न दुखलं तरी. सोबत पोट साफ राहायला एक औषध. बाबांनी विचारलं, हे कशाचं असते? बाईंनी खोटं सांगितलं असतं तर बरं झालं असतं असं मला पुष्कळदा वाटलं आहे. त्या म्हणाल्या, अफूपासून बनतं. बाबांनी पाकीट टेबलावरून त्यांच्याकडे सरकवलं.

"मॅडम, माह्या बापाले मी नालीतून उचललं हाये," ते मराठीतच म्हणाले. "हे माह्या घरात येनार नाई."

बाईंनी पुष्कळ समजावलं. औषध वेगळं आणि नशा वेगळी, हेही सांगितलं. बाबा हात जोडून उभे राहिले, म्हणजे त्यांचं ऐकणं संपलं होतं. आम्ही बसस्टँडवर आलो आणि आई म्हणाली, डब्बा वार्डातच राह्यला, आणते. ती परत गेली, अर्ध्या तासाने डबा घेऊन आली. त्या डब्यात ते पाकीट होतं, हे मला दोन आठवड्यांनी कळलं.

ते दोन आठवडे मी आयुष्यात विसरणार नाही, आणि ते चांगले होते म्हणूनच विसरणार नाही. पहिले दोन-तीन दिवस सुमेध झोपूनच होता. मग एका सकाळी उठून बसला आणि म्हणाला, भूक लागली. पायाला हात लावला तरी ओरडत नव्हता. अंगणात बाज टाकून त्यावर बसायचा, कॅरम खेळायचा, डॉक्टरीणबाईंच्या हिंदीची नक्कल करायचा. आईने त्याच्यासाठी सांबारवडी केली आणि त्याने चार खाल्ल्या. बाबांनी वडनेरच्या एका वैदूकडून काढा आणला होता, तो ते रोज सकाळी स्वतःच्या हाताने त्याला पाजायचे. काढ्याने गुण आला असं ते सगळ्यांना सांगत सुटले. एका रविवारी त्यांनी सुमेधला उचलून जिनिंगमध्ये नेलं आणि कापसाच्या गंजीवर मऊ जागा करून बसवलं. मी खाली उभी होते. सुमेध वरून माझ्यावर कापूस फेकत होता, आणि बाबा मान वळवून डोळे पुसत होते. चौकीदार म्हणाला, पोट्टं बरं होऊन राह्यलं, मास्तर. बाबांना वस्तीत सगळे मास्तर म्हणायचे.

आईला घड्याळ नीटसं कळत नव्हतं. ती सकाळचा भोंगा, शाळेची मधली सुट्टी, दुपारची पॅसेंजर, संध्याकाळचा भोंगा अशा खुणांवर गोळी द्यायची. पाकीट शेवयांच्या डब्यात ठेवलेलं. बाबा स्वयंपाकघरातल्या फळीला कधी हात लावत नसत. एका दुपारी मी पाणी प्यायला आत गेले तर ती लाटण्याने काहीतरी पांढरं चिरडून गुळात कालवत होती. तिने माझ्याकडे पाहिलं. लपवायचा प्रयत्न केला नाही.

"तुह्या बाबाले सांगू नको, बाई," ती म्हणाली. "त्याले आराम पडते यानं."

मी मान डोलावली, आणि दोन दिवस खरंच गप्प राहिले. आईचं आणि माझं असं एक गुपित आहे याचा मला आनंदही झाला होता, हे सांगायला हवं. तिसऱ्या दिवशी शाळेत वक्तृत्व स्पर्धा होती. विषय व्यसनमुक्ती, भाषण बाबांनी लिहून दिलेलं, माझा पहिला नंबर आला. बक्षिसाचा पेला घेऊन मी धावत घरी आले तर आई सुमेधला भरवत होती. मी पेला तिच्यापुढे धरला. ती न बघता म्हणाली, ठेव तिकडं, भोंगा होऊन गेला. एवढंच. आज मी त्या वाक्यावर विचार करते तेव्हा मला त्यात काहीच वावगं दिसत नाही. मूल मरत असलेल्या घरात दुसऱ्या मुलाच्या पेल्याकडे कोण बघणार. पण चौदाव्या वर्षी मला तो पेला त्या बाजेवर आपटावासा वाटला होता. बाबांनी मात्र आल्याआल्या तो दोन्ही हातांनी उचलला, वंदनेच्या फोटोंपुढे ठेवला, आणि त्या संध्याकाळी वंदना झाल्यावर पहिला प्रश्न मला केला, आज कोणतं शील ढळलं?

मी म्हटलं, माझं नाही. आईचं ढळलं. चौथं आणि पाचवं.

माझ्या सत्यवादीपणाचं नंतर पुष्कळ कौतुक झालं, म्हणून इथे साफ लिहून ठेवते. ते सत्य नव्हतं. ती चहाडी होती. सत्याचं नाव दिलं की चहाडी करायला फार हिंमत लागत नाही.

बाबा ओरडले नाहीत. ते आत गेले, एकेक डबा उघडून बघितला, शेवयांच्या डब्यात पाकीट सापडलं. आई त्यांच्या मागे उभी राहून म्हणत होती, काढ्यानं नाई हो, यानं बरं वाटून राह्यलं त्याले, तुमीच पाह्यलं ना. हे वाक्य तिने बोलायला नको होतं. सगळ्या वस्तीला सांगितलेला काढा खोटा ठरला, हे बाबांना त्या क्षणी कळलं, आणि आपल्याच घरात आपल्याला वेड्यात काढलं गेलं हेही. त्यांनी पाकीट चुलीत टाकलं. सुमेध बाजेवरून सगळं बघत होता. दवाखान्याचा कागदही त्यांनी पाकिटामागोमाग टाकला.

दुसऱ्या दिवशी दुपारपासून सुमेधला घाम फुटायला लागला. नाक गळत होतं, जांभयांवर जांभया येत होत्या, अंगावर काटा, मग जुलाब. बाबा जिनिंगमधून लवकर आले होते. त्यांनी मला जवळ बोलावलं आणि हळू आवाजात म्हणाले, "पाह्य, लत लागली होती पोट्ट्याले. वेळेवर वाचवलं आपण." आपण म्हणाले. मला त्या शब्दाचा अभिमान वाटला. पुढे नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला एका तासाला बाईंनी सांगितलं की ही गोळी शरीराला सवयीची होते, ती एकदम तोडली की घाम, जुलाब, काटा असं होतं. याला व्यसन म्हणत नाहीत. कमी करायची असेल तर हळूहळू करायची. मी वर्गातून उठून बाहेर गेले. आजही घरोघरी मला विचारतात, लत तर लागनार नाई ना, सिस्टर? मी शांतपणे समजावते. कधी कधी शांतपणे समजावत नाही. एका बापाला मी म्हटलं होतं, लत लागायला आधी जगावं लागतं. त्याबद्दल माझी तक्रार झाली, आणि ती योग्यच होती.

जुलाब थांबायच्या आतच दुखणं परत आलं, आणि आधी होतं त्याच्या दुपटीने आलं. सुमेधचं ओरडणं मी इथे लिहिणार नाही. एवढंच सांगते की शेजारच्यांनी टीव्हीचा आवाज वाढवला, आणि यंत्रांची घरघर सुरू असली की आम्हाला सुटल्यासारखं वाटायचं. आई एकटी बसने दवाखान्यात गेली. त्या डॉक्टरीणबाई महिनाभर गावी गेल्या होत्या आणि त्यांच्या सहीशिवाय त्या गोळ्यांचं कपाट कुणी उघडत नव्हतं. कागद कुठे आहे, असं तिला विचारलं. ती दिवसभर तिथे बसून संध्याकाळी परत आली आणि कुणाशी न बोलता भाकरी थापायला लागली. बाबांनाही काही सोपं जात नव्हतं. ते रात्ररात्र सुमेधचा पाय मांडीवर घेऊन बसायचे, स्वतःचे ओठ चावून रक्त काढायचे. पण हटले नाहीत. कितीतरी वर्षांनी मी एका भंतेजींना विचारलं, औषध म्हणून अफू घेतली तर शील मोडतं काय? त्यांनी माझ्याकडे नवलाने पाहिलं. म्हणाले, दुखण्यावरचं औषध ते, त्यात शील मोडायचा प्रश्न येतोच कुठे? इतकं सोपं होतं. आमच्या घरापासून विहार पाच मिनिटांवर होता, तिथे भंते यायचे, आणि आमच्यापैकी कुणाला विचारायचं सुचलं नाही. दुसऱ्यांना शील शिकवणाऱ्या माणसाला आपल्याच शिलाबद्दल विचारायला जाणं जड गेलं असेल. माझ्या मनात तर तेही आलं नाही.

शेवटच्या दिवसांत कधीतरी मी त्याच्याजवळ एकटी होते. आई विहिरीवर गेली होती. मी त्याला गार फडक्याने पुसत होते. तो म्हणाला, "ताई, तू काऊन सांगितलं?"

त्याचा आवाज रागाचा नव्हता. गणित चुकलं की तो ज्या आवाजात विचारायचा त्याच आवाजात विचारत होता. मी म्हटलं, बाबांनी विचारलं म्हणून. त्याने डोळे मिटून घेतले. त्यानंतर दोन की तीन दिवसांनी तो गेला. पाकीट जळाल्यापासून अकरा दिवस झाले होते.

पुण्यानुमोदनाच्या शोकसभेला आमच्या अंगणात मांडव घातला. दोनशे तरी माणसं आली. भाषणं झाली. दारूबंदीच्या कामातले लोक लांबून लांबून आले होते. बाबा माईकपुढे उभे राहिले. अफू घरात आली होती, ती आपण ठेवली नाही, हे त्यांनी सांगितलं. दुःखापुढे शील सोडलं नाही, हे सांगितलं. माझ्या मुलीने खरं बोलून घराचं शील राखलं, हेही सांगितलं. लोकांच्या माना हलल्या. पुढे बसलेल्या एका म्हाताऱ्या कार्यकर्त्याने मला जवळ ओढून डोक्यावर हात ठेवला. "माह्यं लेकरू गेलं," बाबा म्हणाले, "पन नशेत नाई गेलं. शुद्धीत गेलं."

बायांच्या बाजूला आई बसली होती. सभेत ती कधी बोललेली कुणी पाहिलं नव्हतं. ती जमिनीला हात टेकून उठली. तिच्यापुढे माईक नव्हता, तरी त्या दिवशी जिनिंग बंद होतं, त्यामुळे शेवटपर्यंत ऐकू गेलं.

"हाव, शुद्धीत होता," ती म्हणाली. "अकरा दिवस सारं समजून राह्यलं होतं त्याले."

आणि ती खाली बसली. सूत्रसंचालकाने पुढच्या वक्त्याचं नाव घेतलं. बाबा जागेवर येऊन बसले, आणि त्यानंतर मी त्यांना कधी माईकपुढे पाहिलं नाही. घरातली संध्याकाळची वंदना चालू राहिली, तो प्रश्न मात्र त्यांनी पुन्हा कुणाला विचारला नाही. याला पश्चात्ताप म्हणायचं की रुसवा, हे मी त्यांच्या मरणापर्यंत ठरवू शकले नाही. मी विचारलंही नाही. विचारलं असतं आणि त्यांनी खरं सांगितलं असतं तर काय केलं असतं, याची मला भीती होती.

आई मला कधी एका शब्दाने बोलली नाही. माझं शिक्षण तिने रोजमजुरी करून पुरं केलं, माझ्या लग्नात नाचली, माझ्या मुलांना न्हाऊ घातलं. बाबा गेल्यावर ती माझ्याकडेच राहायला आली. रोज माझा डबा ती भरते. लोक म्हणतात, मायलेकीचं किती पटतं. पटतंच. गेल्या वर्षी शेजारच्या बाईंनी मला जिन्यात अडवून विचारलं, आईच्या गाठीचं काय झालं? मला कसली गाठ ते माहीत नव्हतं. छातीत गाठ येऊन आठ महिने झाले होते. दुखत होती. शेजारच्या बाईंना माहीत होतं, त्यांच्या सुनेला माहीत होतं, कोपऱ्यावरच्या मेडिकलवाल्याला माहीत होतं, तो तिला दुखण्याच्या गोळ्या द्यायचा. मी दुखण्याच्या गोळ्यांची बॅग खांद्याला लावून रोज त्याच घरातून बाहेर पडत होते.

मी वर गेले. ती मेथी निवडत बसली होती. मला रडू आवरेना. मी म्हटलं, आई, साऱ्या गल्लीला सांगितलंस, मला नाही सांगितलंस? बाबा जाऊन तेव्हा सहा वर्षं झाली होती. मी जाऊन ज्याला सांगावं असं घरात कुणी उरलंच नव्हतं.

तिने काडी मोडली, पानं सुपात टाकली, आणि अगदी सहज, माझी समजूत घालावी तशी म्हणाली, "तू खरं सांगून देते, बाई."